शेवटची हाळी

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "गोंधळी म्हणून आयुष्य काढलंत, जरा गमतीजमती लिहा. वाचकाला परंपरा कळेल, करमणूकही होईल." मी लगेच हो म्हणालो. जन्मभर लोकांच्या सुपारीला हो म्हणायची सवय. जीभ आधी जाते, डोकं मागून रांगत येतं. आता लिहायला बसलोय तर गमती आठवतायत त्याही अशा, की हसता हसता पेन खाली ठेवावं लागतं. पण सुपारी घेतलीय. सुरुवात तरी हसून करतो.

धंदा काय ते आधी सांगतो, नाहीतर शहरातला वाचक म्हणेल हा माणूस कशावर बोलतोय. घरात लग्न झालं, नवस फिटला, की देवीचा गोंधळ घालतात. पाटावर कोरं कापड, त्यावर तांदळाचा चौक, मधे कलश, वर उसाच्या नाहीतर ज्वारीच्या ताटांचा मांडव, शेजारी पेटती दिवटी. आमच्या अंगात घोळदार अंगरखा, गळ्यात कवड्यांची माळ. संबळ म्हणजे दोन लहान नगारे एकमेकांना बांधलेले. ते पोटाशी घ्यायचे आणि दोन काठ्यांनी बडवायचे, त्यातली एक काठी पुढं वाकडी. मी संबळवाला. तुणतुण्यावर माझा थोरला भाऊ, भिवादादा. आम्ही सगळ्या देवांना नावं घेऊन बोलवायचं, ते आले असं मानायचं, त्यांना कथा ऐकवायची आणि आरती करून पुन्हा वाटेला लावायचं. पूर्वी हे रात्रभर चालायचं. आता लोक दुपारच्या जेवणाआधी उरकतात. देवांनाही सवय झाली असावी, तक्रार तरी कुणाची आली नाही.

तर आमच्या घरात एक गाणं होतं. सगळ्या गोंधळ्यांकडं ते नसतं, आमच्याकडं पिढीजात होतं. आम्ही त्याला उत्पत्तीचं गाणं म्हणायचो. जग कसं झालं ते त्यात आहे. आधी काहीच नव्हतं, नुसता अंधार, आणि त्या अंधारात आदिमाया एकटी. तिला करमेना. मग तिनं गळा मोकळा करून हाळी दिली. एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या माणसाला देतो तशी. पण ओ द्यायला होतं कोण? ती हाळी अंधारात हिंडली, दमली, आणि जिथं दमून बसली तिथं पाणी झालं. पाण्यानं ओ दिली. आईला एवढा आनंद झाला की तिनं दुसरी हाळी दिली, तिची माती झाली. मग झाडं, पाखरं, गुरं, माणूस. जे जे ओ देत गेलं ते ते जगात आलं. जे गप्प बसलं ते अजून अंधारातच बसून आहे, असं आबा सांगायचे. आबा म्हणजे आमचे वडील.

गाणं दोघांनीच गायचं. एकानं हाळीची ओळ गायची, दुसऱ्यानं ओ ची. सुरुवात अशी व्हायची:

नव्हती माती, नव्हतं पाणी, नव्हता दिस, नव्हती रात,
कुणी दिली पैली हाळी, सांग गड्या अंधारात?

आणि मी संबळावर थाप टाकून म्हणायचो:

आईनं दिली, आईनं दिली, एकटीला करमंना म्हणून,
कुणी तरी ओ द्यावी म्हणून बसली गाणं गाऊन.

आबांनी या गाण्याची वाटणी केली होती. तीही पिढीजात. थोरल्याला हाळी, धाकट्याला ओ. शिकवलंसुद्धा वेगवेगळं, दादाला सकाळी ओढ्याकडं नेऊन, मला दिवस मावळताना गोठ्यात बसवून. शेवटी दोघांचे हात एका संबळावर ठेवून आबा म्हणाले, "अर्धं अर्धं दिलंय. भांडलात तर दोघंबी उपाशी मराल, ध्यानात ठेवा." वाचक शहाणा असतो, तो विचारणार, इतकी वर्षं शेजारी उभं राहून गायलात, मग दुसऱ्याचा वाटा पाठ झाला नाही का? झाला की! न व्हायला काय धाड भरली होती? पण तोंडातून काढायचा नव्हता. भाऊ जिता असताना त्याचा वाटा गायचा म्हणजे त्याला जितेपणी तिळांजळी द्यायची, असं आमच्यात मानतात. भाऊ गेल्यावरच दुसऱ्यानं दोन्ही वाटे गायचे आणि पुढच्या पोरांना द्यायचे. आबांना वाटलं, या गाठीनं दोघं बांधलेले राहतील. आमच्या आबांना माणसं कळायची, पण पोटची पोरं काही कळली नाहीत.

या गाण्याचा आणखी एक दंडक होता. एकदा सुरू केलं की मधे सोडायचं नाही. चकलांब्याला एका ऊसतोडीच्या टोळीनं निघायच्या दिवशी सकाळी गोंधळ ठेवला होता. सामान ट्रकमधे चढलेलं, कोंबड्यासुद्धा पिंजऱ्यात घालून वर टाकलेल्या. मुकादम घाईला आलेला, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. आमचं गाणं निम्म्यावर. पाणी, माती झाली होती, झाडं व्हायची होती. मुकादम ओरडला, "बास की आता, भिवा! कारखाना काय तुझ्या झाडासाठी थांबणाराय व्हय?" दादा काही बोलायच्या आत टोळीतली एक बाई, लेकरू काखेत, ट्रकवरून खाली उतरली आणि चौकापुढं फतकल मारून बसली. म्हणाली, "अर्ध्याच दुनियेवर लेकरंबाळं घिऊन जाऊ का मी? तितं जाऊन फडात राहायचंय आमाला. हुंद्या पुरं." तिचं बघून बाकीच्या बाया उतरल्या. मुकादमानं कपाळाला हात लावला आणि ड्रायव्हरला बिडी दिली. दादानं त्या दिवशी झाडाची हाळी अशी गायली, की मी ओ द्यायलाच विसरलो. त्यानं डोळे वटारले तेव्हा भानावर आलो.

दुसरा प्रसंग नांदूरघाटाकडचा. एका बड्या घरातलं लग्न. घरमालकाचा पुढाऱ्यांत ऊठबस करणारा मेव्हणा दादाच्या कानाशी आला आणि म्हणाला, "ते उत्पत्तीत साहेबांचं नाव कुठं तरी घाला ना. दुनिया घडवण्यात त्यांचाबी हातभार, असं काय तरी." मला हसू आवरेना, मी तोंड संबळात खुपसलं. दादा शांतपणे म्हणाला, "मालक, घातलं असतं. पण तवा साहेब जन्मले नव्हते. त्यांच्या जन्माला अजून लई वेळ हाय गाण्यात. थांबत असाल तर बगू." तो बिचारा शेवटपर्यंत थांबून राहिला! गाणं माणसापर्यंत आलं, संपलं, आरती झाली, तरी साहेब काही जन्मले नाहीत. जेवणाच्या पंगतीत आम्हाला भजी कमी वाढली, एवढाच काय तो सूड.

असा माझा दादा. बोलणं मोजकं, पण आवाज! ओढ्याच्या पलीकडं गुरं वळणारी माणसं काठी टेकून उभी राहायची. स्वभाव मात्र एककल्ली. मीही काही कमी नाही. मी लगेच भडकतो आणि उशिरा विझतो; तो भडकतच नाही, नुसता गप्प होतो. अशा दोघांत पेटलं की पाणी कुणी मारायचं?

पेटलं ते कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी. मी तोवर मुलाकडं आष्टीत राहायला आलो होतो, दादा गावातच होता. मला तो आजार झाला, फुप्फुसात उतरला, आणि नगरच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. घरच्या कुणाला आत सोडत नव्हते. नाकातोंडाला नळ्या. शेजारच्या खाटेवरचा माणूस सकाळी असायचा, दुपारी नसायचा. डॉक्टरनं मुलाला सांगितलं होतं, तयारीत राहा. त्यातून मी कसा वाचलो ते देवीलाच माहीत. घरी आलो तेव्हा हाडांचा सापळा झालो होतो, आवाज तर असा फाटलेला की पाणी मागितलं तरी सुनेला कळायचं नाही.

आणि मुलानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. गावातल्या कुणीतरी काढला होता आणि तो साऱ्या तालुक्यात फिरत होता. दादा देवीच्या देवळापुढं बसलाय. समोर पाटावर माझा संबळ, गावच्या घरी ठेवलेला. संबळाला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचा हार. आणि दादा उत्पत्तीचं गाणं गातोय. एकटा. हाळीही तोच देतोय आणि ओ पण तोच देतोय.

मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. माझा वाटा त्याच्या तोंडून! वर माझ्या संबळाला हार, मेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसा. माझ्या अंगात बसायची ताकद नव्हती, पण रागानं मी उठून उभा राहिलो. म्हटलं, मी तिकडं श्वास मोजतोय आणि हा माझं दिवसपाणी करून मोकळा झाला? एवढी घाई? मुलगा म्हणाला, "अप्पा, काकांना फोन लावू का?" मी म्हणालो, "कशापायी? मेलेल्या माणसाला फोन करता येत नसतो." लोक तिखटमीठ लावून असल्या गोष्टी इकडून तिकडं नेतात. माझं बोलणं गावात पोचलं. दादाचं उत्तर आलं, "ज्याला कळायचं त्याला कळंल." बस्स. पुढं तीन-चार वर्षं आम्ही एकमेकांच्या दारात पाऊल टाकलं नाही. मुलाला पाठवून संबळ आणवला आणि मी दुसऱ्या गोंधळ्यांबरोबर बाकीची गाणी वाजवत फिरलो. कुणी उत्पत्ती मागितली तर सांगायचो, ते गाणं आता बंद आहे. दादानं तर तुणतुणं खुंटीला अडकवलं ते अडकवलंच.

या वर्षी उन्हाळ्यात सुनबाईचा फोन आला. माझी नव्हे, दादाची सून, मीना. झेडपीच्या शाळेत मास्तरीण आहे. रडत नव्हती, पण आवाज दाबून बोलत होती. "धाकटे अप्पा, मामांना झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. तुम्ही या." मी चप्पल उलटीसुलटी घालून निघालो. राग कुठं गेला, कसा गेला, काही पत्ता लागला नाही. इतकी वर्षं पोसलेला राग असा एका फोनवर निघून जातो, तर मग पोसला कशाला होता?

दादा ओसरीवर खाटेला उशा लावून बसलेला. तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघितलं आणि डावा हात वर केला. मी म्हणालो, "दादा, मी रंग्या." तो म्हणाला, "ओ."

मला वाटलं हाकेला ओ दिली. पण सरूवहिनी, माझी भावजय, पदरानं डोळे पुसत म्हणाली, "भाऊजी, तेवढंच येतंय त्यांना. भूक लागली का म्हनलं तर ओ. दुकतंय का म्हनलं तरी ओ. डाक्टर म्हनला, काईंचं असं एकच अक्षर राहतंय, बाकी सगळं पुसलं जातंय." हाळीवाल्या माणसाकडं निव्वळ ओ उरली होती. गावात तर लोकांनी अर्थसुद्धा लावून टाकला होता: धाकट्याचा वाटा गायला, म्हणून देवीनं थोरल्याचा काढून घेतला. असं म्हणणारा एक जण मला पारावरच भेटला होता. त्याला मी काय बोललो ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

चहा घेताना मी वहिनीला एकदाचं विचारलं. "वैनी, दादानं मी जिता असताना माझा वाटा का गायला?"

वहिनी माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "तुमाला खरंच म्हाईत न्हाई? अवो, तुमाला नगरला नेलं त्या दिवसापसनं ह्यांनी अन्न सोडलतं. डाक्टर काय म्हनला ते तुमच्या पोरानं फोनवर सांगितलं. तसे उठले, तुमचा संबळ घेतला आन् देवळाकडं गेले. मी मागं मागं. देवीला म्हनले, 'आई, माझा भाऊ लई लांब हाय, त्याला आत्ता ओ देता यीना. पर त्यानं ओ दिली न्हाई म्हनून त्याला अंधारात टाकू नगंस. तवर त्याच्या नावानं मी देतो.' संबळाला हार घातला तो तुमाला आवतण म्हनून. तुमी तितं बसलाव असं धरून गायले."

मी बशी खाली ठेवली. मी म्हणालो, "मग हे मला सांगायचं कुणी?"

"मी म्हनले हुते, जाऊन सांगून या. तर म्हनले, माझ्या भावाला मी सांगायचं का, की म्या तुला मारला न्हाई म्हनून? आन् तुमी तरी एकदा येऊन ईचारलं का?"

नाही विचारलं. मी उठलो, खुंटीवरचं तुणतुणं काढलं, धूळ पुसली आणि दादाच्या मांडीवर ठेवलं. आष्टीहून येताना संबळ बरोबर आणला नव्हता, म्हणून खाटेच्या लाकडावरच बोटं धरली. म्हणालो, "दादा, तुला आत्ता हाळी देता येत नाही. तर तवर तुझ्या नावानं मी देतो. चालंल का?"

दादा म्हणाला, "ओ."

आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्याचा वाटा गायला. नव्हती माती, नव्हतं पाणी. आवाज चिरका लागला. ओळ संपली आणि मी थांबलो. दादानं मान वर केली, छाती भरून घेतली आणि दिली ओ. नुसतं एक अक्षर, पण सुरात! ओळीच्या जागी ते बरोबर बसलं. लांबवायचं तिथं लांबवलं, खाली आणायचं तिथं आणलं. वहिनी कपबश्या तशाच टाकून ओसरीच्या खांबाशी येऊन बसली. मला वाटलं, पहिल्या पाण्यानं ओ दिली तेव्हा आदिमायेला असंच झालं असेल.

मग मी रोज जाऊ लागलो. आष्टीहून सकाळी जीप मिळते. संबळ घेऊन जायचो. चार-सहा हाळ्या झाल्या की दादा दमायचा, मग थांबायचं. दंडक मोडत होतो, गाणं रोज अर्ध्यावर सोडत होतो. पण वहिनी म्हणाली, "सोडत कुठं हाव? गाणं चालूच हाय की, जरा दम खातंय." मला ते पटलं. दादाचं जेवण वाढलं. टेकू न लावता बसायला लागला. डॉक्टरसुद्धा म्हणाले, काय करताय ते करत राहा.

मीना शाळेतून आली की तिथंच पायरीवर बसायची. पोरांना वाचून दाखवायला तिच्याकडं एक जाडजूड पुस्तक होतं, जादूच्या दुनियेचं. एकदा म्हणाली, "धाकटे अप्पा, ह्यातपण तुमच्यासारखंच आहे बघा. एक म्हातारा जादूगार गातो आणि त्याच्या गाण्यातून डोंगर उभे राहतात."

मी विचारलं, "त्याच्या साथीला कोण हाय?"

"कुणी नाही. एकटाच गातो."

"मग पडत्याल ते डोंगर," मी म्हणालो. "एकट्याच्या गाण्यावर काय उभं राहत नसतंय. काय रे दादा?"

"ओ!" दादा जोरात म्हणाला आणि त्याचं ते वाकडं तोंड हसलं. मीना म्हणाली, "पण अप्पा, सगळ्या देशांत अशा गोष्टी आहेत. कुठं गाऊन सूर्य उगवतो, कुठं गाऊन मासे येतात. सगळ्यांनाच कसं काय सुचलं असेल, की दुनिया गाण्यातून आली म्हणून?" मी तिला एवढंच सांगितलं, की लेकरू जन्मलं की पहिल्यांदा गळाच काढतं, हात-पाय नंतर हलवतं. मास्तरणीला ते बरं वाटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तिनं ते वर्गात सांगितलं म्हणे.

असं करत गाणं शेवटाला यायला लागलं. झाडं झाली, पाखरं झाली, गुरं झाली. माणूस झाला. आता एकच हाळी राहिली होती. ती अशी आहे:

सारं घडलं, सारं भरलं, आता मागं कोण उरलं?

आणि तिची ओ:

तू उरलास, मी उरलो, गाणं दोघांत सरलं.

ही ओ झाली की गोंधळी उठतात. आरती होते, चौक मोडतात, संबळ खांद्याला लावून वाटेला लागतात. पुन्हा मागं वळून बघत नाहीत. जन्मभर आम्ही तसंच केलं होतं. आणि माझ्या मनानं घेतलं, की ही ओ दिली की दादा उठणार आणि वाटेला लागणार. खुळेपणा म्हणा हवं तर. मीसुद्धा आरशात बघून स्वतःला म्हणालो, रंगनाथ, म्हातारचळ लागलाय तुला. पण ती हाळी माझ्या गळ्यातून काही निघेना.

मग मी गाणं लांबवायला लागलो. वाडवडलांकडून घडवायच्या राहून गेलेल्या वस्तू मी घडवायला घेतल्या. बाभळ कुणी केली, तिला काटे कुणी दिले? दादाची ओ. सीताफळाला एवढे डोळे कशाला? ओ. आष्टीचा बाजार कुणी भरवला, त्यात शेळी कुणी आणली? ओ. एसटीच्या खिडकीची काच कुणी फोडली? दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. वहिनी आतून ओरडली, "भाऊजी, देवीचं गाणं हाय का तमाशा?" मी म्हणालो, "वैनी, देवीची घाईघाईत राहून गेलेली कामं उरकतोय."

पण दादा गोंधळी होता. त्याला फसवणं सोपं नव्हतं. काही दिवस हसला, मग ओ बारीक झाली. एके दिवशी मी कुठल्याशा टेकडीची हाळी दिली तर ओ आलीच नाही. त्यानं डावा हात उचलून माझ्या संबळावर ठेवला आणि दाबला. गाणं सरवायचं, म्हणजे संपवायचं असलं की तो मला हीच खूण करायचा. मी न कळल्यासारखं केलं. त्यानं पुन्हा दाबला. डोळ्यांत पाणी होतं, पण नजर जुनीच, वटारलेली. मी म्हणालो, "दादा, आज माझा गळा बसलाय. उद्या सरवू."

त्यानं हात काढला नाही.

"आबांची शपथ. उद्या नक्की सरवू."

"ओ," दादा म्हणाला आणि डोळे मिटून मागं टेकला. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी कुठल्या गोंधळात बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गावात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दारापुढं माणसं उभी होती, बायका ओसरीवर. मला वाट करून दिली. दादाला खाली घोंगडीवर घेतलं होतं. वहिनी त्याच्या उशाशी बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या खांद्यावरच्या संबळाकडं बघितलं.

"सकाळधरनं तयार हुते, भाऊजी," ती म्हणाली. "पोराकडनं दाडी करून घेतली, अंगरखा घालून घेतला. तुणतुणं मांडीवर. रस्त्याकडं त्वांड करून बसलते. जरा कुटं गाडी वाजली की छाती भरून घ्यायचे, ओ द्यायला. मी म्हनलं, दम काढा, आत्ता भाऊजी येत्यालच. दुपारपातूर बसले तसेच."

सकाळी आष्टीच्या स्टँडवर चहा पीत बसून गावाकडं जाणाऱ्या दोन जीपा मी मुद्दाम सोडल्या होत्या.